सॅनेटोरियमला न गेलेली सपात

मी एक जुनी सपात आहे, उजव्या पायाची. डावी माझ्या शेजारीच असते, पण ती स्वभावाने गरीब, त्यामुळे बोलण्याचे काम माझ्याकडे. वर चॉकलेटी चौकटींची लोकर, खाली जाड नमद्याचा तळ, टाचेकडे उघडी. आता लोकर जागोजागी गोळा झाली आहे आणि अंगठ्यापाशी एक भोक पडण्याच्या बेतात आहे.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला माणसांच्या पायांची किळस येते. सपातेच्या जन्माला येऊन असे बोलणे शोभत नाही, हे मला कळते. पण ज्याने वीस वर्षे हरतऱ्हेचे पाय पोटात घेतले, त्यानेच यावर बोलावे.

दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका म्हातारीने मला शिवले. तिचे हात तेवढे स्वच्छ होते. तिथून मी क्येल्त्से या पोलिश शहराच्या बाजारात आले आणि बोझेनाबाईंनी मला पाहुण्यांसाठी विकत घेतले. त्यांचे घर वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावर. दाराशी बुटांचे कपाट, त्यात खालच्या कप्प्यात आम्ही पाहुण्यांच्या सपाता. आमच्याकडे माणूस दारात आला की बूट काढतो. यजमानीण म्हणते, "अहो, राहू द्या." तो म्हणतो, "छे छे, काढतो ना." तरीही जो खरोखर बूट तसेच ठेवून आत आला, त्याच्याबद्दल पुढे वर्षभर बोलणे होते. जानेवारीत घरोघर फिरणाऱ्या पाद्रीबाबांना तेवढी सूट आहे.

बोझेनाबाईंच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, माझे सगळ्यांत हाल होत. दमट मोजे, फाटके मोजे, कुणाची बुरशी, कुणाच्या पायाला हेरिंग माशासारखा वास. वरून टेबलावरच्या बटाट्याच्या कोशिंबिरीतले अंड्याचे पांढरे मेयोनेज टपकन माझ्या अंगावर पडे आणि तिथेच वाळे. शी. त्याहूनही ओंगळ प्रकार पुढचा. पाहुण्याला दारापर्यंत पोचवताना तीन-तीनदा गालाला गाल लावायचे आणि दार लागले की लगेच सुरू: तिचा ड्रेस पाहिलास? त्याने पाचवा तुकडा घेतला केकचा. मी अजून त्या पायांच्या घामाने ओली असे आणि वर त्याच माणसाची सालपटे निघत.

मग तेओफिल आजोबांच्या स्वतःच्या सपाता फाटल्या. बोझेनाबाईंचे ते वडील. ते त्याच घरात राहत, कारण बोझेनाबाईंचा नवरा त्यांना आणि लहानग्या लेकीला, किंगाला, टाकून निघून गेला होता. आजोबांनी आम्हाला उचलले आणि म्हणाले, "पाहुण्यांना दुसऱ्या आणा." मित्रांनो, त्या दिवशी मी सुटले. आजोबा रोज संध्याकाळी पाय धुत, बोटांच्या बेचक्या पुसत आणि वर्तमानपत्रावर पाय ठेवून वाळवत. पायांत घातल्यावर आधी जरा वेळ स्वस्थ बसत, मग उठत. किंगाला शाळेत सोडणे, तिच्यासाठी सूप गरम करणे, तिचे पाढे घेणे, सगळे मी खालून ऐकलेले आहे.

कुलपांचा कारखाना बंद पडला तेव्हा आजोबा साठीच्या घरात होते. दुसरे काम कोण देणार? ते हॉलंडला टोमॅटोच्या काचघरांत मजुरीला गेले. दोन हंगाम. बॅगेत सर्वांत वर आम्हाला ठेवले होते.

तिथली घाण मी कधी विसरणार नाही. एका खोलीत सात माणसे, एकच न्हाणीघर, भिंतीला ओल. मुकादम सगळ्यांना एकाच नावाने हाक मारी, ते म्हणजे आमच्या देशाचे नाव. संपूर्ण आवारात सूचना डच भाषेत होत्या. पोलिश भाषेत तेवढ्या तीन होत्या: दारू पिऊ नये, चोरू नये, शौचालयात पाणी टाकावे. मला त्या पाट्यांची शिसारी येई. पण आमच्या माणसांचीही काही कमी येत नसे. ते एकमेकांची सॉसेज चोरत, एकमेकांच्या चहाड्या करत आणि शेजारच्या खोलीतल्या रुमानियन मजुरांना घाणेरडे म्हणत. म्हणणाऱ्याचे मोजे मी पाहिलेले होते.

आजोबा परत आले. त्यांनी तिथले काही सांगितले नाही आणि बोझेनाबाईंनी काही विचारले नाही. किंगा शिकली, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागली, आणि ती नोकरी नेमकी हॉलंडमध्ये. तिथे तिला योस्ट भेटला. गेल्या नोव्हेंबरात तो आईला घेऊन मागणी घालायला येणार असे ठरले आणि आमच्या घराला जणू पिसाळलेले कुत्रे चावले.

बोझेनाबाईंनी आठवडाभर घर घासले. त्याचे मला काही वाटले नाही. पण मग त्या एकेक वस्तू लपवायला लागल्या. काकडीच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या. वाळत घातलेले मशरूम गेले. टेबलावरचे प्लॅस्टिक गेले. स्वयंपाकही बदलला; कोबी नको, वास येतो; बीटाचे सूप नको, गावंढळ दिसते; चित्र बघून कसला तरी इटालियन पदार्थ करायचे ठरले. "त्यांना आपण कसे दिसू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की मला मळमळायला लागले. आजोबांनी बरीच भुणभुण केल्यावर तळलेली कटलेटं तेवढी टिकली.

शेवटी राहिले आजोबा.

"बाबा, तीन-चार तासांचाच तर प्रश्न आहे," बोझेनाबाई म्हणाल्या. "खाली लुत्सिनाबाईंकडे बसा. त्यांचा टीव्ही मोठा आहे."

"टीव्ही बघण्यासाठी मला नातीची मागणी सोडायला लावतेस?"

"तुम्ही सूप भुरके मारत पिता. मधेच हॉलंडला मजुरी केलीत ते बोलून जाल. ती बाई तिकडची आहे. मी त्यांना सांगितलंय, तुम्ही इंजिनिअर होतात म्हणून. आधीच ते लोक आपल्याला काय समजतात, ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक आहे. मी राहून आलोय तिकडे. तुला कुठून ठाऊक?"

बोझेनाबाई ओट्याकडे वळल्या. "किंगाला मी सांगितलंय, तुमचा गरम झऱ्यांवरच्या सॅनेटोरियमचा नंबर अचानक लागला. यादीतून कुणीतरी नाव काढून घेतलं म्हणून तुम्हाला बोलावलं. नंतर तिला समजावू."

आजोबांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "माझ्या वाटणीचं कटलेट झाकून ठेव." आणि दाराशी येऊन विचारले, "माझ्या सपाता कुठायत?"

"असतील कुठंतरी. जा ना बाबा, ते येतीलच आता."

मी कुठे होते ते मी सांगते. सकाळीच बोझेनाबाईंनी आम्हाला दोन बोटांनी उचलून धुलाईयंत्रामागे कोंबले होते, प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवायच्या पिशवीत, फरशीच्या ओल्या फडक्याबरोबर. वीस वर्षे माणसांचे पाय सोसले, पण त्या फडक्याइतकी घाण मला कशाची वाटली नाही. आणि खरे सांगायचे तर फडक्यापेक्षाही बोझेनाबाईंची जास्त वाटली. स्वतःच्या बापाला लपवणारे हात माझ्या अंगाला लागले होते.

किंगाबरोबर पाहुणे आले. फुले दिली, कोट टांगले गेले, आणि कपाटातून नव्याकोऱ्या पांढऱ्या सपाता निघाल्या, हॉटेलात देतात तशा, पुठ्ठ्यासारख्या कडक. योस्टच्या आईला, मार्लेसबाईंना, त्या मापात बसल्या. योस्ट म्हणजे दारात वाकून आत शिरणारा गडी; त्याचे अर्धे पाऊल बाहेर राहिले. तो हसून म्हणाला, "मोजे चालतील मला." त्याने बरेच पोलिश शिकून घेतले होते.

"मोज्यांवर?" बोझेनाबाई घाबरल्या. "छे, छे. फरशी गार आहे, मूत्रपिंडाला बाधतं. किंगा, बघ ग दुसऱ्या कुठं आहेत का."

आमच्याकडची कुठलीही बाई असेच म्हणाली असती. पाहुणा मोज्यांवर फिरला तर यजमानिणीची लाज जाते. तोंडातून ते आपोआप निघाले आणि किंगा शोधायला गेली. तिला त्या घरातल्या सगळ्या लपवायच्या जागा लहानपणापासून माहीत होत्या. तिने पिशवी ओढली, फडके बाजूला केले आणि मला हातात घेतले.

मला घेऊन ती स्वयंपाकघरात आली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, आजोबा सपाता न घेता सॅनेटोरियमला गेले?"

मित्रांनो, सॅनेटोरियमला जाणारा म्हातारा एक वेळ दात विसरेल. गरम पाण्याच्या झऱ्यांवर तीन आठवडे राहायचे, दिवसभर खोलीतून स्नानाला आणि स्नानाहून खोलीत, ते सगळे सपातांवर. बॅगेत पहिल्या त्या जातात. बोझेनाबाईंनी सगळा विचार केला होता, हा केला नव्हता.

"नवीन घेतल्या त्यांना," त्या म्हणाल्या.

"आजोबांनी नवीन घेतल्या? त्यांनी? कुठायत ते?"

बोझेनाबाईंनी चमचा खाली ठेवला. "खाली," त्या म्हणाल्या. "लुत्सिनाबाईंकडे. अग, तुझ्याच भल्यासाठी केलं. ते लोक आपल्याला आधीच मजूर समजतात."

"मग बरोबरच समजतात," किंगा म्हणाली आणि आम्हाला घेऊन जिना उतरली.

आजोबा लुत्सिनाबाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते. पायांत लुत्सिनाबाईंच्या गुलाबी केसाळ सपाता, टाचा बाहेर, आणि टीव्ही बंद. किंगाने खाली बसून त्यांच्या पायांतून ते गुलाबी प्रकरण काढले.

"अग, राहू दे. तुझी आई काही चुकीचं सांगत नाही," ते म्हणाले. "मी तोंड उघडलं की काहीतरी निघतं."

"निघू दे."

"लग्न मोडलं तर?"

"तुम्हाला बघून मोडणारं असलं तर मोडू दे. उठा आजोबा, कटलेटं गार होतायत."

त्यांनी पाय आत घातले. पाय बर्फासारखे गार होते. या वेळी ते आधी स्वस्थ बसले नाहीत.

वर टेबलाशी एक खुर्ची वाढवली. बोझेनाबाईंनी पाहुण्यांकडे न पाहता सांगितले, "हे माझे वडील. सॅनेटोरियमहून लवकर आले." कटलेटाचा वास घेत आजोबांनी मान हलवली. मुलीची लाज राखायला ते खोटेही बोलायला तयार होते, आणि मला दोघांचाही राग आला. तो इटालियन पदार्थ कुणीच खाल्ला नाही.

मग मार्लेसबाईंनी विचारले, आजोबा कुठे इंजिनिअर होते? योस्टने ते पोलिशमध्ये सांगितले. आजोबांनी लेकीकडे पाहिले. तिने हो म्हटले असते तर तेही हो म्हणाले असते. मी टेबलाखाली होते, तिथून मला बोझेनाबाईंचे पाय दिसत होते. ते एकमेकांवर घट्ट दाबलेले होते.

"इंजिनिअर नव्हते ते," बोझेनाबाई म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं. कुलपांच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर तुमच्याकडे काचघरांत टोमॅटो तोडायला आले होते."

योस्टने आईला सांगितले. मार्लेसबाईंनी हसून उत्तर दिले आणि त्याने ते लगेच पोलिशमध्ये आणले: पोलिश माणसे फार कष्टाळू असतात, आमच्याकडे सगळे तसेच म्हणतात.

मनापासून बोलल्या त्या. तरी माझ्या अंगावर शहारा आला. बैल विकत घेताना माणसे असेच बोलतात. मुकादमही त्याच्या चांगल्या दिवशी हेच म्हणायचा.

आजोबांनी काटा खाली ठेवला. "तिला सांग, मी बिलकुल कष्टाळू नाही. मला बसून राहायला आवडतं. घरी ही पोर होती, म्हणून गेलो."

किंगाने ते डचमध्ये सांगायला घेतले, पण 'ही पोर' म्हणजे ती स्वतःच, तिथे ती अडली. योस्टने सांगितले. मार्लेसबाईंचे हसू गेले. त्यांनी अगदी हळू काहीतरी विचारले, आणि योस्टने आजोबांकडे वळून ते पोलिशमध्ये म्हटले: "तिथे तुम्ही झोपायचात कुठे?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. आजोबांनी सांगितले. सात माणसांची खोली, ओली भिंत, तीन पाट्या. त्यांना ताप आला तेव्हा एका रुमानियन माणसाने दिलेली उशी. हे सगळे ते परक्या बाईला सांगत होते, आणि त्यांची स्वतःची मुलगी ते पहिल्यांदाच ऐकत होती. बोझेनाबाईंचे पाय माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. कधीतरी त्यांनी आपली सपात काढली आणि आपले पाऊल आजोबांच्या पावलावर, म्हणजे माझ्यावर, ठेवले. घामाने ओले झालेले पाऊल. मला किळस आली, आणि मी सोसली.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. सपाता अधूनमधून उन्हात टाका, ओल्या फडक्याजवळ ठेवू नका, आणि पाय धुऊन घाला. परगावचे पाहुणे यायचे असले आणि आमची लाज वाटली, तर आम्हाला खुशाल यंत्रामागे टाका. पण आम्हाला घालणाऱ्या माणसाला टेबलाशी बसवा, आणि तो कुठे झोपत होता ते परक्या बाईने विचारण्याआधी तुम्ही विचारा.