ब्रिटासाठी मारलेली थाप

माझा नवरा व्हर्जिल शेजारधर्माच्या बाबतीत नको तितका उत्साही. कुणाच्या दारातलं बर्फ काढून दे, कुणाचं कुत्रं फिरवून आण. शेजारची ब्रिटा तर त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिला इथे कोलोरॅडोतच उपग्रह केंद्रात नोकरी मिळत होती. पण काम गुप्त, म्हणून आधी सरकार तिची कुंडली तपासणार होतं. त्या चौकशीसाठी एक अधिकारी बाई आमच्याकडे आल्या.

व्हर्जिलने त्यांना लिंबू सरबत दिलं आणि ब्रिटाचं कौतुक सुरू केलं. बाईंनी विचारलं, तिने कधी गांजा घेतलाय का? छे, हा म्हणाला, ती सर्दीची गोळीसुद्धा घेत नाही. मी आतल्या खोलीत कपाळाला हात लावला. गेल्या चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत, आमच्याच अंगणात तिने व्हर्जिलच्या गुडघेदुखीच्या गांजाच्या वड्यांपैकी एक मागून खाल्ली होती आणि मग तासभर आमच्या शेगडीचे आभार मानत बसली होती. आमच्या राज्यात या वड्या दुकानात राजरोस मिळतात. केंद्र सरकारच्या लेखी मात्र तो अजून गुन्हाच आहे.

संध्याकाळी ब्रिटा आली, तेव्हा व्हर्जिलने आपला पराक्रम छाती फुगवून सांगितला. ती मटकन पायरीवर बसली.

"काका, मी ते अर्जात लिहिलंय. कधी, कुठे, सगळं."

"एका वडीसाठी? कशाला लिहायचं गं?"

"एक वडी ते माफ करतात. लपवाछपवी नाही करत. आता त्यांना वाटेल, शेजारी एवढं झाकतायत म्हणजे आणखी बरंच काही असणार."

त्या रात्री व्हर्जिल जेवला नाही. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. सकाळी त्याने स्वतःच बाईंना फोन केला. त्या पुन्हा आल्या. त्याने वडीचं सांगितलं, ती आपणच दिली हेही सांगितलं, आणि आपण खोटं बोललो ते पोरीचं भलं व्हावं म्हणून, असंही. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मदत केली नसती, तर माझं काम कालच संपलं असतं."

मग नुसती वाट बघणं. सगळा हिवाळा व्हर्जिल ब्रिटाची नजर चुकवत होता आणि तिच्या दारातलं बर्फ मात्र दोनदोनदा काढत होता. आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

वसंतात ती धावत आली. परवानगी मिळाली होती. व्हर्जिल चक्क रडला. मग डोळे पुसून लगेच मूळ पदावर आला.

"बरं, तिथे करणार काय तू?"

"ते सांगता येणार नाही, काका."

"थोडंसं तरी?"

"थोडंसंसुद्धा नाही."

"मग काहीतरी खोटं सांग. मला मित्रांपुढे मिरवायला तरी होईल."

ब्रिटा हसली. "तेच जमत नाही, म्हणून तर घेतलंय मला."