आगीची ऊब कुठून येते

काचवालीने नेहमीसारखा भट्टीसमोर तळवा धरून आगीला हाक मारली. वाळू वितळू लागली. आग हवेतून येते, असं तिला आईने शिकवलं होतं आणि तिने ते बारा वर्षं खरं मानलं होतं.

आज सासूबाई पहिल्यांदाच कारखान्यात येऊन बसल्या होत्या. काचवाली घामाने निथळत होती, त्या मात्र शालीत कुडकुडत होत्या.

"अगं, भट्टीपाशी बसूनही मला हुडहुडी कशी भरते?"

"वय झालं की असंच व्हायचं, आई," ती हसून म्हणाली आणि फुलदाणीसाठी आणखी आग ओढली.

सासूबाई बाकावरच कलंडल्या. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, ओठ निळे पडले होते. तिने घाईने मूठ मिटली. भट्टी विझली, तसा त्यांच्या गालांवर हळूहळू रंग परतला.

काचवालीला आता कळलं. आग शेजारच्या जिवाची ऊब ओढून येत होती.

तिचा नवरा रोज तिच्याशेजारी बसून काचेला पॉलिश करायचा. तो दिवसेंदिवस गारठत गेला आणि गेल्या हिवाळ्यात वारला. कुठल्याच डॉक्टरला कारण कळलं नव्हतं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी डोळे उघडले.

"आई, तुमच्या मुलाला मीच..."