माझ्या आवाजात बुडालेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे, पण नांगर कधी ओढलेला नाही. माझा सगळा जन्म गेला कुंभारकामाच्या अंगणात, माणसाच्या उंचीचे रांजण उचलण्यात. पुढे मला दोन लोखंडी हात बसवलेले आहेत. दिसायला राक्षसी, पण त्यांनी कधी एका रांजणाला ओरखडाही पाडला नव्हता, आणि याची मला भारी घमेंड होती.

रांजण घडवायची ताई, मला चालवायचा तिचा धाकटा भाऊ. रांजणाच्या पोटाखालून रुंद पट्टा, आत जुनं घोंगडं, मग वीतभर उचलायचं आणि थांबायचं. झोका शांत झाला की पुढे. खाली कोणी उभं राहायचं नाही. पण या सगळ्याच्या आधी ताई रांजणावर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायची. खणखणीत वाजला तर उचलायचा. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, हात लावायचा नाही.

त्या वर्षी माझी बॅटरी पार म्हातारी झाली होती. एकदा बंद पडलो की मला ढकलायला चार माणसं शोधावी लागत.

"अरे, बंद कर ना जरा, ऐकू येत नाही," एका सकाळी नव्या रांजणापाशी वाकून ताई भावाला म्हणाली.

"बंद केला तर सकाळची दुपार होईल, ताई. वाजव तशीच."

आणि मी? मी धडधडत राहिलो. ताईने कान टेकवला, टकटक केली, क्षणभर घुटमळली आणि होकाराची मान डोलावली. पट्टा लागला. रांजण छातीइतका वर गेला आणि झुलू लागला. तो सावरायला ताई दोन्ही हात लावून पुढे झाली, तेवढ्यात रांजण हवेतच दुभंगला. जड अर्धा भाग तिच्यावर आला. ताई पुन्हा उठली नाही.

भावाने मला छपरीत लावलं, ते जणू कायमचंच. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. इंजीन थंडगार, तरी मला भरदुपारी टकटक ऐकू यायची. तीनदा. भाऊ अंगणातून जाताना अचानक थबकून मान वळवायचा, तेव्हा मला कळायचं की त्यालाही ऐकू येते. आम्ही दोघं एकाच आवाजाने पछाडलेलो होतो.

वर्षं गेली. ताईची मुलगी आईच्या चाकावर बसली आणि तिने पहिला मोठा रांजण भाजला. तो भट्टीतून काढायला माझ्याशिवाय कोण होतं? तिने माझ्या टायरांत हवा भरली, नवी बॅटरी बसवली, नवा पट्टा आणला आणि मामाला हाताला धरून माझ्यावर बसवलं. किल्ली त्याने दोनदा लावली आणि दोनदा काढून घेतली. तरी मला त्याने भट्टीसमोर आणून उभं केलं.

"मामा, आधी बंद कर."

त्याने बंद केलं. अंगण गप्प झालं. तिने टकटक केली.

बद्द.

"नाही उचलायचा हा," ती म्हणाली. महिन्याभराची मेहनत होती, पण आवाजात कुरकुर नव्हती.

"पुन्हा वाजव," मामा म्हणाला.

तिने पुन्हा वाजवलं. तोच मेलेला आवाज, अगदी स्पष्ट, लहान मुलालाही कळेल इतका. मामाने डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

"माझ्यामुळे तिला ऐकू आलं नाही गं."

"हो, मामा," ती म्हणाली. मग पायरीवर चढली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मित्रांनो, मला लोखंडाचे हात दिले, पण स्वतःहून गप्प बसायची सोय दिली नाही. ते तुमच्या हातात आहे. नाजूक ओझं उचलण्याआधी यंत्र बंद करा आणि ऐका. कितीही घाई असली तरी. त्या दिवशी ताईने टकटक करून रांजणाला विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर समोरच होतं. मी क्षणभर गप्प बसलो असतो तर तिने ते ऐकलं असतं.