पाच जांभया

तेवीस वर्षं मी माणसांना मालिश केलं. पैलवान, धावपटू, पाठ धरलेले कारकून, सगळे याच अंगठ्यांखाली कण्हले आणि उठताना हात जोडून गेले. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर कुत्र्यांच्या मालिशचा कोर्स लावला तेव्हा मी शिकायला नव्हे, नुसतं प्रमाणपत्र घ्यायला चाललो होतो. हे आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

वर्गात आम्ही नऊजण. बाकीच्या आठ मुली माझ्या निम्म्या वयाच्या, मला 'काका' म्हणायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी प्राण्यांच्या दवाखान्यात उभं आयुष्य काढलेलं, आवाज चढवायची त्यांना सवयच नाही. पहिले दोन आठवडे त्यांनी मालिश शिकवलंच नाही. कुत्र्याच्या खांद्यावर हाताची पाठ टेकवायची, दहापर्यंत मोजायचं, हात उचलायचा आणि बघायचं. ते जवळ सरकलं तर पुढे जायचं. तोंड फिरवलं तर त्या दिवशी हात आवरायचे. "त्याला विचारल्याशिवाय कामाला लागायचं नाही," बाई म्हणायच्या. माझं डोकं फिरायचं. दुखणं कुठे आहे ते माझ्या हाताला कळतं, कुत्र्याला काय विचारायचंय, कपाळ माझं!

सरावासाठी धाकट्या बहिणीचा कुत्रा होता. ढब्बू, अकरा वर्षांचा, मागचा उजवा पाय जरा ओढत चालणारा. म्हातारपण म्हणून त्या पायाकडे कुणी फारसं बघत नव्हतं. सरावाचं चित्रीकरण बाईंना द्यायचं होतं, म्हणून मी मोबाईल खुर्चीला टेकवून ठेवला आणि लुडबुड नको म्हणून बहिणीला बाजारात पिटाळलं. हाताची पाठ वगैरे एकदा केली, दाखवण्यापुरती. मग कमरेत उजवीकडे एक गाठ लागली आणि मला राहवेना. पैलवानाची मोकळी करतात तशी अंगठा रोवून ती दाबत बसलो. ढब्बूने जांभई दिली. मी खूश. वहीत लिहिलं, "वीस मिनिटं. पाच जांभया. गाढ आराम."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने फिरायला न्यायचा पट्टा बांधताना त्याच्या कमरेला हात लावला आणि तो तिला चावला. सहा वर्षांची पोर, तळहाताला तीन टाके. अकरा वर्षांत तो कुणावर साधा गुरगुरलाही नव्हता.

कळल्यावर मी धावत गेलो तेव्हा मेहुणे म्हणाले, "रविवारी याला प्राण्यांच्या संस्थेत सोडून यायचं."

"अहो, एवढं म्हातारं कुत्रं तिथून कोण नेणार? पिंजऱ्यातच मरेल तो," बहीण म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, तू काल हात लावलास ना त्याला? कुठे दुखतंय असं जाणवलं का रे?"

आतून मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "छे गं, मस्त पेंगत होता. वय झालं की होतात चिडकी." एवढं बोलून वर मी निवांत चहा प्यायलो.

शनिवारी वर्गात बाईंनी माझं चित्रीकरण पडद्यावर लावलं आणि आवाज बंद केला. "हात बघू नका, फक्त तोंड बघा. तो 'नको' म्हणेल तेव्हा बोट वर करा."

मला हसू आलं. ढब्बूने मान फिरवली, आठ बोटं वर. ओठ चाटले, आठ बोटं. मग जांभई दिली. वहीत मिरवलेल्या त्या जांभईलाही आठ बोटं वर गेली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसेपर्यंत तो मागे माझ्या अंगठ्याकडे बघत होता आणि मी मोबाईलकडे बघून दात काढत होतो. सतरा वेळा तो नको म्हणाला. पुढे पुढे मुलींनी बोटं वर करणं सोडून दिलं आणि खाली बघत बसल्या. माझ्याऐवजी त्याच लाजत होत्या बिचाऱ्या.

"घाबरलेलं कुत्रंही जांभया देतं, काका," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दाबत होतात ती गाठ वाटत नाही मला. सांधा झिजलेला असणार. डॉक्टरांना दाखवा." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तिथून तडक बहिणीकडे निघालो. तडक कसलं, वाटेत दोनदा परत फिरलो. मेहुण्यांसमोर मान खाली घालायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. बहिणीला एकटीला गाठून, जरा सावरासावर करून सांगता येईल का, हेच डोक्यात घोळत होतं. पण दारातच ढब्बूचं अंथरूण आणि पाण्याचं भांडं पिशवीत भरून ठेवलेलं दिसलं, आणि सगळी सावरासावर तिथेच गळाली.

"त्याला नेऊ नका," मी मेहुण्यांना म्हणालो. "त्याला मी दुखवलं. आणि हिने विचारलं तेव्हा खोटं बोललो."

मोबाईलवर ते चित्रीकरण लावून तो टेबलावर मधोमध ठेवला आणि कुठे काय बघायचं ते मीच दाखवत गेलो. तिसऱ्या जांभईला बहीण उठली आणि टेबलाखाली ढब्बूजवळ जाऊन बसली. मेहुणे पिशवीतून अंथरूण बाहेर काढत म्हणाले, "सोमवारी डॉक्टरांकडे नेऊ." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

भाचीने मात्र शेवटपर्यंत बघितलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तिने विचारलं, "मामा, दुखवलंस तू. मग तो मला का चावला?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती.

"तिथेच हात लागला म्हणून त्याला वाटलं मीच परत आलो. मला घाबरला होता गं तो," मी म्हणालो. "तुला नाही घाबरत."

तिने वाकून टेबलाखाली बघितलं आणि मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "मग तू आता जा ना, मामा. तू आहेस म्हणून तो बाहेर येत नाहीये."

मी उठलो. चपला घालताना बहीण थांबवेल असं वाटलं होतं. तिने थांबवलं नाही.