बंद गाडीची तपासणी

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. 'मंगळवारी कंट्रोल रूमने तीनदा बोलावूनही मी वायरलेसला उत्तर दिले नाही. चूक कबूल आहे.' सही केली तर माझी अँब्युलन्स जाणार आणि स्टोअरमध्ये बदली. नाही केली तर नोकरीच जाणार.

"गाडी चालू असली की वायरलेसमध्ये नुसती शिट्टी वाजते, बोलणं ऐकूच येत नाही," मी चौथ्यांदा सांगितलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," साहेब म्हणाले. "सेटची तपासणी झालीय. ठणठणीत आहे."

मंगळवारी एका आजोबांना माझी चाळीस मिनिटं वाट बघावी लागली. ते वाचले. मला त्यांचं वाईट वाटतं, अजून वाटतं. पण म्हणून दुसऱ्याचं पाप माझ्या माथी मारून घ्यायला मी काही दुधखुळी नाही. डिझेल वाचावं म्हणून आवारात उभ्या गाडीचं इंजिन चालू करायचं नाही, हा साहेबांचा नियम. म्हणजे तपासणी झाली ती बंद गाडीची. आणि बंद गाडीतून पेशंट कुठे नेतात, ते मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

मी कागद तिथेच सोडला आणि इलेक्ट्रिशियन काकांना आवारात ओढून आणलं.

"नियम आहे गं पोरी," ते पुटपुटले.

मी किल्ली फिरवली. शिट्टी सुरू. अॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. काकांचा चेहराच बदलला. त्यांनी एकेक फ्यूज काढून पाहिला, सेट थेट बॅटरीला जोडला, शिट्टी कायम. शेवटी अँटेनाची वायर सेटमधून उपटली, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

"वरून येतेय," काका म्हणाले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून छपरावर मी चढले.

"इंजिन कोणी चालू केलं?" साहेब धावत आले.

"मी," मी वरूनच सांगितलं आणि अँटेनाचा नट सोडवला. खाली चकचकीत पांढरा रंग. गेल्या महिन्यात वरिष्ठ येणार म्हणून साहेबांनी गाड्या रंगवून घेतल्या होत्या. रंगाऱ्यांनी अँटेना काढला, जाड थर दिला आणि अँटेना त्या थरावरच बसवला.

"पत्र्याला टेकतच नाही तो," काका म्हणाले. "मग अर्थिंग कुठलं? इंजिनाचा सगळा गोंगाट आत शिरतो."

"रंगाला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले.

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर वर दिला. मी साहेबांकडे बघत बघत पत्रा उघडा पडेपर्यंत रंग खरवडला, नट आवळला आणि खाली उतरून इंजिन घरघरत असतानाच कंट्रोलला विचारलं, "ऐकू येतंय का?"

"स्वच्छ. होतीस कुठे इतके दिवस?"

संतापाने माझे डोळे भरून आले.

"तो कागद राहू दे," साहेब म्हणाले. "पण नियम मोडलास, रंग खराब केलास. ते लेखी लागेल."

मी बॉनेटवरच लिहिलं: 'साहेबांची मनाई असताना मी इंजिन चालू केले आणि त्यांनी लावून घेतलेला रंग खरवडला. त्यानंतर वायरलेस ऐकू येऊ लागला.' खाली ठळक सही. एक प्रत हेड ऑफिसला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "जाऊ दे," ते म्हणाले, "याची काही गरज नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "सही झालीय माझी."