सामाईक विहीर

मांदेली साफ करून नलूने त्यांना हळद-मीठ चोळलं आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत हात बुडवला. पिवळी बोटं बघता बघता कुंकवासारखी लाल झाली.

तिने पेल्यात तेच पाणी घेऊन चिमूटभर हळद टाकली. लाल. नळाच्या पाण्यात टाकली, तर पिवळीच राहिली. विहिरीचं पाणी मात्र दिसायला नितळ होतं.

"हिमानी, विहिरीचं पाणी तोंडात घालू नको!" तिने लेकीला बजावलं.

"बोयसरच्या कारखान्यांचं काहीतरी झिरपलं असेल, आई."

"इतक्या लांब घिवलीत? नाय. हे कोणीतरी टाकलंय."

कोणी, ते तिने मनात ठरवलं होतं. नवरा गेल्यावर चिकूची वाडी वाटली गेली, विहीर मात्र दीर दादूबरोबर सामाईक राहिली. कुंपणावरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. आणि काल संध्याकाळी दादूची बायको आनंदी घमेलं घेऊन विहिरीवरून परतताना तिने पाहिली होती.

त्या दिवशी दिवेलागणीला नलू माडाआड उभी राहिली. आनंदी आली. इकडेतिकडे बघून तिने घमेलं विहिरीत उपडं करायला घेतलं, तोच नलूने तिचं मनगट धरलं.

"काय कालवतेस आमच्या पाण्यात?"

"चुना हाय!" आनंदी घाबरली, पण लगेच उसळली. "पाणी शुद्ध व्हायला. ह्यांचं पोट किती दिवस बिघडलंय, ठावं हाय? तुमीच कायतरी टाकलंत. मी बघितलं, वयनी!"

नलूला आधी समजेना. मग आठवलं. "अगं, ती तुरटी! पाणी गढूळ झालेलं म्हणून फिरवली."

"कशावरून?"

नलू घरात गेली. तांब्यात नळाचं पाणी घेऊन तिने त्यात मूठभर माती कालवली आणि तुरटीचा खडा फिरवला. दोघी पायरीवर बसून राहिल्या. हळूहळू माती तळाला बसली. वरचं पाणी नलूने आनंदीच्या देखत पिऊन टाकलं.

"मग ह्यांचं पोट कशाने?" आनंदीने विचारलं. तिचा आवाज उतरला होता, नजर मात्र अजून तांब्यावरच होती.

हळद लाल करणारं ते चुन्याचं पाणी तसंही उपसायचंच होतं. दुसऱ्या दिवशी पंप लावला. पाणी खाली गेलं तसा वास सुटला. भिंतीच्या एका फटीतून काळं पाणी ठिबकत होतं. दादूच्या बाजूने. गेल्या उन्हाळ्यात त्याने नवा संडास बांधला होता आणि शोषखड्डा विहिरीला खेटूनच खणला होता.

दादू काठावर वाकून खाली बघत राहिला. बायकोकडे नाही, वहिनीकडे नाही.

"वयनी, मी आनंदीला सांगितलेलं, तुमच्यावर नजर ठेव म्हणून," तो म्हणाला.

"मीपण माडाआड उभी होतेच ना," नलू म्हणाली. "खड्डा कधी हलवतोस ते सांग."

खड्डा वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. दादूचं पोट औषधाने बरं झालं. विहीर धुऊन झाली, पाणीही तपासून आणलं. तरी पहिली घागर भरायला दोघी एकदमच आल्या. आनंदीने आपली घागर ओढली आणि ओंजळभर पाणी पुढे केलं.

"तू घे आधी," नलू म्हणाली.

आनंदी प्याली. मग नलूने आपली घागर विहिरीत सोडली.