नाहीदबाईंची मेंढरं

“मग बाईंचं पोट कशावर चालतं?” साहेबांनी विचारलं.

प्रश्न नाहीदबाईंना होता, पण त्यांच्या वतीनं बोलण्याचा मक्ता भाऊसोंनी घेतलेला. माण तालुक्यातल्या मेंढपाळांनी वर्गणी काढून कॉलेज उभं केलं, त्याचे भाऊसो अध्यक्ष. थापा मारण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. आपल्या मेंढ्यानं ढुशी मारून आगगाडीचं इंजिन कोरेगाव स्टेशनात मागं सारलं, ही हकीकत ते अशी सांगत की ऐकणारा रूळ बघायला उठायचा.

नाहीदबाई काबूलच्या विद्यापीठात इतिहास शिकवायच्या. पुण्याला संशोधनासाठी आल्या आणि तिकडं तालिबान आले. बायकांना कॉलेज बंद झालं. बाईंना शोधत माणसं काबूलच्या घरी येऊन गेली. पुण्यात एका कॉलेजानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्यानं चहाही पाजला नाही. माणात मात्र शिकवायला कुणी टिकत नव्हतं. तिथं बाई टिकल्या.

पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, हिटलरनं हाकललेले ज्यू प्राध्यापक अमेरिकेत पोचले, तेव्हा गोऱ्यांच्या कॉलेजांत बऱ्याच जणांना जागा मिळेना. काळ्या लोकांच्या कॉलेजांनी त्यांना वर्ग दिले.

“म्हंजी ती काळी मान्सं आमीच की वो, बाई!” मागच्या बाकावरून सोनम ओरडली.

“व्हय. आन् हाकललेली मी,” बाई म्हणाल्या. मराठी त्या या पोरींकडूनच शिकल्या होत्या.

आता साताऱ्याच्या या परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसात त्यांचा मुक्काम वाढवून मिळायचा होता. व्हिसा विद्यार्थ्याचा, त्यावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. मुक्काम वाढला नाही तर काबूल. वकिलानं भाऊसोंना बजावलं होतं, बाई फुकट शिकवतात, एवढंच सांगा.

पण ‘फुकट’ हा शब्द भाऊसोंच्या घशातच अडकला.

“पोटाचं काय इचारता, साहेब? आमच्या वाड्यावर बाईंची सवताची मेंढरं हायेत! घरटी एक कोकरू दिलंय. दोन तर व्याली बी.”

साहेबांचं पेन थांबलं. “शिकवण्याबद्दल दिलंत?”

“मग! फुकट शिकवून घ्याया आमी काय भिकारी हाय?”

बाईंनी त्यांची बाही ओढली. तेव्हा कुठं भाऊसोंच्या ध्यानात आलं.

“थाप हो, साहेब! मी लय थापाड्या मानूस. कुनालाबी इचारा. आमचा मेंढा आगगाडी...”

“भाऊसो,” साहेब मान खाली घालून म्हणाले, “माझं आजोळ माणातलंच आहे. तिथला माणूस कशाचीही थाप मारेल. दिलेल्या कोकराची नाही मारत.”

आणि त्यांनी शिक्का मारला. मुक्काम वाढणार नव्हता.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं काही फरक पडला नाही.

माणात, दहिवडीला परतणाऱ्या एस.टी.त भाऊसो खिडकीशी बसले होते. कोरेगाव आलं, मागं गेलं, तरी मेंढ्याची थाप निघाली नाही. बाईच म्हणाल्या, “आवं भाऊसो, इंजिन कुटं ढकललं, ते तरी दावा.”

भाऊसोंनी टोपी काढून तोंडावर धरली.

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आला. “कुठं?”

बाईंना जरा वेळ लागला. “दहिवडी.”

त्यानं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. सगळ्या बायकांना देतो तसं अर्धं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्या कोण, कुठल्या, कधीपर्यंत, काहीच न विचारता तो पुढच्या बाकाकडे गेला.

बाईंनी ते तिकीट पर्समध्ये टाकलं नाही. हातातच धरून ठेवलं.